वेल, पाल आणि एक ळ

रफाराचं खरं नाव त्याच्या बहिणीला आठवायचं, पण तेही फक्त रागावल्यावर. एरवी सगळे त्याला रफारच म्हणत. त्याच्या डोक्यावर मधोमध केसांचा एक पुंजका कायम उभा असायचा, किंचित वाकलेला, ‘सूर्य’ लिहिताना ‘य’च्या डोक्यावर येतो तसा. तेल लावून पाहिलं, टोपी घालून पाहिली. टोपी काढली की पुंजका पुन्हा हजर. मास्तरांनी छापखान्यातल्या पहिल्याच दिवशी त्याच्याकडे वर बघितलं आणि नाव ठेवून टाकलं.

रफार अक्षरं करायचा. पाटीवरची नव्हे, छापायची. कॉम्प्युटरमध्ये फॉन्ट असतो ना, तो कुणीतरी बसून काढलेला असतो, हे लोकांना सांगितलं की लोक म्हणतात, “अच्छा?” आणि विषय बदलतात. रफार सात वर्षं एकाच फॉन्टवर बसला होता. बसला होता म्हणजे खरंच बसला होता, खुर्चीची गादी दोनदा बदलावी लागली.

सात वर्षांत बाकी सगळं झालं होतं. स्वर झाले, व्यंजनं झाली, एकमेकांच्या अंगावर चढलेली जोडाक्षरं झाली, आकडे झाले. ‘ङ’सुद्धा झाला, ज्याला एका शब्दापलीकडे कुणी घरात घेत नाही. राहिला होता फक्त ळ.

ळ काही केल्या बसेना. सडपातळ काढला की चष्म्यासारखा दिसायचा. जाड केला की कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर बसलंय असं वाटायचं. एकदा फार सुंदर जमला, रफाराने आनंदाने चहा केला, आणि चहा घेऊन परत येऊन बघतो तर तो इंग्रजीतला आठाचा आकडा होता, आडवा झालेला.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा घोटाळा नको. घोटाळा व्हायचा तो रफाराचाच होऊ दे. ळ तयार नसला की त्या जागी रिकामा चौकोन दिसतो. तो दिसू नये म्हणून पहिल्याच वर्षी रफाराने ळच्या जागी ल ठेवून दिला होता, जागा धरायला रुमाल टाकतात तसा. त्याच्या फॉन्टमध्ये कुणी ‘शाळा’ टाइप केलं तर ‘शाला’ उमटायचं. हे अगदी तात्पुरतं होतं. म्हणूनच तो ते साफ विसरला. शिवाय स्वतः काही टाइप करताना तो ळचे शब्द टाळायचा. ‘टाळायचा’ हा शब्दसुद्धा टाळायचा.

मास्तर म्हणजे छापखान्याचे मालक. रफाराला अक्षराचं वेड त्यांनीच लावलं. आता त्यांच्या कानांनी दगा दिला होता, हात थरथरायला लागला होता, आणि एक शेवटचं पुस्तक छापून ते छापखाना बंद करणार होते. पुस्तक मुलांचं होतं, प्राण्या-पक्ष्यांच्या गोष्टींचं, चांगलं उशीएवढं जाड. ते रफाराच्या अक्षरात निघावं असं मास्तरांनी ठरवलं होतं. अट एवढीच, की शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ळ हातात हवा. नाहीतर पुस्तक बाजारातल्या नेहमीच्या फॉन्टमध्ये निघेल, मास्तर घरी बसतील, आणि रफाराची सात वर्षं कॉम्प्युटरच्या एका कोपऱ्यात पडून राहतील. दुसरा कुठला छापखाना त्याला विचारणार नव्हता. एकाला त्याने विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, “अच्छा?”

आदल्या आठवड्यात मास्तरांकडून नमुन्याच्या पानांचं पाकीट आलं. वर एक चिठ्ठी होती. हात थरथरायला लागल्यापासून मास्तर चिठ्ठ्याही टाइप करून पाठवत, आणि रफाराच्याच फॉन्टमध्ये, कारण प्रेम असलं की माणूस असंच करतो. फार लिहायची त्यांना सवय नव्हती. या चिठ्ठीवर दोनच शब्द होते.

वेल पाल.

तुम्हाला कळलं असेल. रफाराला कळलं नाही. त्याला दोष देऊ नका, कारण मास्तर असंच बोलायचे. मागे ‘ह’ अडला होता तेव्हाही त्यांनी अशीच चिठ्ठी पाठवली होती, एका शब्दाची: ‘बदक’. रफार बागेतल्या तळ्यावर जाऊन बदकांसमोर बसला होता. बदकाने मान आत घेऊन शेपटी वर केली आणि रफाराला ‘ह’ दिसला. फॉन्टमधलं सगळ्यात देखणं अक्षर तेच होतं. तेव्हापासून मास्तरांचा शब्द म्हणजे त्याच्यासाठी दगडावरची रेघ.

“वेल आणि पाल,” तो ताईला म्हणाला. “निसर्गात जाऊन बघ, असं म्हणतायत.”

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. ती दातांच्या कवळ्या करायची. दोघं एकाच घरात राहायची आणि जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला अक्षरं असायची, दुसऱ्या बाजूला दात. ताईने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. तिचं म्हणणं पडलं की, माणूस ज्याची वाट बघून थकलाय त्याला पाल बघ म्हणून कशाला सांगेल. आणि मुळात हे वाक्य आहे की सामानाची यादी.

“मास्तर सूत्रात बोलतात,” रफार म्हणाला.

“मी एका बाईच्या तोंडात अख्खी वरची रांग बसवून दिली, तितक्या वेळात तुझं एक अक्षर हललं नाही. सूत्र कसलं बघतोस? मला तर यात शंकेची पाल चुकचुकल्यासारखी वाटतेय.”

“कुठे?” रफाराने छताकडे बघितलं.

ताईने हात टेकले आणि ती दात घासायला गेली. म्हणजे कुणाचे तरी दात. कानशीने.

वेल आणायला रफार नर्सरीत गेला. नर्सरीवाल्याने विचारलं, कसली वेल हवी. रफार म्हणाला, वळणारी. नर्सरीवाला म्हणाला, वेल म्हटल्यावर वळणारच साहेब, खांब हवा असता तर खांब मागितला असता. मग त्याने फुलांची हवी की पानांची, उन्हातली की सावलीतली, गच्चीवर लावणार की कुंडीत, असं सगळं विचारून घेतलं. रफाराने सांगितलं की, फूल नाही आलं तरी चालेल, पण तिला दोन गोल करता यायला हवेत, एकमेकांना चिकटून, आणि वरून लटकलेले. नर्सरीवाल्याने जरा वेळ त्याच्या पुंजक्याकडे बघितलं. मग त्याने कृष्णकमळाची एक कुंडी पुढे केली आणि म्हणाला, हिला सांगून बघा.

पाल शोधायला कुठे जावं लागलं नाही. आंघोळीच्या खोलीत ट्यूबलाइटच्या मागे एक होतीच. इतके दिवस तिच्याकडे बघून रफार टॉवेल सोडून पळायचा. आता तो बादली पालथी घालून तिच्यासमोर बसायला लागला. ताईला सकाळी कामावर जायचं असायचं. ती बाहेरून दार वाजवायची.

“किती वेळ?”

“ती हललेली नाही अजून.”

“तू हल ना पण.”

सोमवार गेला. वेल खिडकीत ठेवली होती, ती सोमवारी काहीच करत नव्हती. मंगळवारी तिने हिरव्या दोऱ्यासारखा एक तणावा बाहेर काढला आणि तो हवेत धरून ठेवला, चारचौघांत कुणाचं नाव आठवत नसताना माणूस बोट वर धरतो तसा. रफार समोर स्टूल टाकून बसला. आपण जे बघतोय ते मास्तरांना दाखवायचं होतं तेच आहे की नाही, हे त्याला समजेना. वेलीचं काय बघायचं? पान? देठ? की तिचा चिवटपणा? आणि पाल मध्येच कशाला? दोघींचा एकमेकींशी संबंध काय? त्याने पाल वेलीवर आणून ठेवता येईल का याचाही विचार केला. ताई म्हणाली, तसं केलंस तर मी माझे दात घेऊन दुसरीकडे राहायला जाईन.

बुधवारी त्याच्या मनात आलं की मास्तरांना फोन करून सरळ विचारावं. पण मास्तरांना फोनवर ऐकू येत नसे. ते प्रत्येक वाक्याला “बरं बरं” म्हणत आणि ठेवून देत. आणि सूत्राचा अर्थ विचारायचा म्हणजे आपण मठ्ठ आहोत हे तोंडाने कबूल करणं झालं. त्याने विचारलं नाही. कागदावर काढलेले बुधवारचे सगळे ळ मात्र फेकून दिले. एक ळ पालीसारखा होता, त्याला चार पाय होते. एक ळ वेलीसारखा होता, तो पानाच्या बाहेर गेला.

गुरुवारी तणाव्याने खिडकीचा गज पकडला.

पकडला तेव्हा रफार चहा आणायला गेला होता, त्यामुळे पकडताना तो दिसला नाही, पकडलेला दिसला. आणि पकडल्यावर तणावा गुंडाळायला लागला. इथे एक गंमत झाली. गजाकडचं टोक एका दिशेने वळलं होतं, आणि वेलीकडचं टोक उलट दिशेने. दोन्ही टोकं बांधलेली, मग सगळ्या तणाव्याला एकाच बाजूला पीळ बसणार कसा? त्याने मधे एक छोटासा सरळ तुकडा सोडला होता. त्या तुकड्याच्या अलीकडे डावं वळण, पलीकडे उजवं. भांडण झालेलं जोडपं एकमेकांकडे पाठ करून झोपतं, पण पांघरूण एकच असतं, तसं.

 सात वर्षं रफार दोन्ही गोल एकाच वळणाने काढत होता. म्हणून चष्मा होत होता.

त्याने डावं वळण काढलं, मधे श्वास घेण्याइतकी सरळ रेघ सोडली, उजवं वळण काढलं. ळ झाला. पण आता तो खाली पडत होता. शिरोरेघेला टांगलेला असूनही धपकन पडेल असा दिसत होता, सगळा भार पोटात. शुक्रवार उजाडला. रफार पुन्हा बादलीवर जाऊन बसला आणि पालीकडे बघत राहिला. छताला उलटी चिकटलेली, पोट लोंबलेलं, तरी पडेल असं एकदाही वाटत नाही. का वाटत नाही? तिने पोट नव्हे, बोटं जड ठेवली होती. जिथे धरलंय तिथे भार, जिथे लटकतंय तिथे हलकं.

शुक्रवारचा सगळा दिवस बोटं जड करण्यात गेला. संध्याकाळ झाली तेव्हा एक गोल अजून राहिला होता. ताई म्हणाली, आजची मुदत होती ना. रफार म्हणाला, मास्तरांनीच सांगितलंय, वेल आणि पाल बघितल्याशिवाय नेऊन काय उपयोग. ते समजून घेतील.

शनिवारी सकाळी ळ झाला. रफाराने तो फॉन्टमध्ये बसवला, तिथे आधी काय होतं ते बघितलंही नाही, आणि छापखाना गाठला.

छापखान्यात मशीन बंद होतं आणि शाईचा वास चालू होता. मास्तर खुर्चीत बसले होते. शेजारच्या टेबलाशी संपादकबाई होत्या, या पुस्तकाच्या. हातात लाल पेन घेऊनच जन्मल्यासारख्या बाई. त्या काहीच बोलल्या नाहीत. न बोलण्यातसुद्धा त्यांनी दोन चुका दाखवून दिल्यासारखं रफाराला वाटलं.

“काल यायचं होतं,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“मी काय सांगितलं होतं तुला?”

“वेल, पाल,” रफार अभिमानाने म्हणाला.

मास्तरांनी कानामागे हात धरला होता. ऐकून त्यांनी मान हलवली. “मग? पाळलीस?”

रफार जरा घुटमळला. “पाळली असं नाही म्हणता येणार. तिचं ती येते-जाते. पण मी लक्ष ठेवून होतो.”

“नुसतं लक्ष ठेवून काय करायचंय? निघून गेली ना ती हातातून.”

“नाही गेली, मास्तर. आत्ता निघालो तेव्हासुद्धा आंघोळीच्या खोलीत होती. ट्यूबलाइटच्या मागे.”

 मास्तरांनी कानामागचा हात काढला आणि दुसऱ्या कानामागे लावला.

“कोण?”

“पाल.”

“आणि वेल?”

“ती खिडकीत. गजाला धरून आहे.”

मास्तर संपादकबाईंकडे वळले आणि अगदी हळू आवाजात, म्हणजे सगळ्या छापखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “याच्या घरी कुणी मोठं माणूस आहे का?”

रफाराने खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. ती संपादकबाईंनी घेतली. त्यांना फक्त एकदा बघावं लागलं. महिनाभर त्या याच फॉन्टमधली पानं तपासत होत्या, डोळ्यांना सवय झाली होती.

“वेळ पाळ,” त्या म्हणाल्या. “मास्तरांनी ‘वेळ पाळ’ लिहिलंय. तुमच्या अक्षरात ळ नाही, ल येतो.”

 जागा धरायला टाकलेला रुमाल रफाराला आत्ता, सात वर्षांनी, आठवला. वेळ पाळ. मास्तरांनी वेळ पाळायला सांगितलं होतं, आणि ती पाळायच्या नादात, नव्हे, पालीच्या नादात, त्याने वेळ घालवली होती. हे वाक्य मनात नीट उभं राहीना. कुठून धरावं तेच कळेना.

“मग बदक?” तो म्हणाला.

“कसलं बदक?” मास्तर म्हणाले.

“मागे ‘ह’साठी. तुम्ही ‘बदक’ लिहिलं होतं.”

मास्तरांनी डोळे मिटून आठवून पाहिलं. “‘बदल’ लिहिलं असेल. तो ह वाईट होता. बदल म्हटलं. बोट घसरलं असेल.”

रफार खाली बसला. खुर्ची होती, हे त्याचं नशीब. देखणा ह बोट घसरल्यामुळे आला होता, ळ रुमालामुळे आला होता. आता बाकीच्या अक्षरांचं काय, हे विचारायचा त्याला धीर होईना. ‘ठ’च्या वेळी मास्तर नुसते खोकले होते, आणि त्यावरून त्याने बराच अर्थ काढला होता.

“आणलायस का पण?” मास्तरांनी विचारलं.

रफाराने कॉम्प्युटर उघडला आणि ळ पडद्यावर मोठा करून दाखवला. मास्तर खुर्ची ओढून इतके जवळ आले की नाक पडद्याला लागलं. मग मागे सरकले. मग पुन्हा पुढे. संपादकबाईंनी पेनाचं टोपण लावलं. ते त्या सहसा लावत नसत.

“हा लटकतोय,” मास्तर म्हणाले.

“हो.”

“आणि पडत नाही.”

“नाही.”

“हे कसं केलंस?”

“पालीवरून,” रफार म्हणाला.

मास्तरांनी मान हलवली. त्यांना नक्की काय ऐकू आलं कुणास ठाऊक. पण त्यांनी रफाराच्या डोक्यावर हात ठेवला, पुंजका दाबला आणि सोडला. तो पुन्हा उभा राहिला.

“बसव,” ते म्हणाले.

तेव्हा संपादकबाईंनी घसा साफ केला. त्यांनी जे सांगितलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत त्यांनी पुस्तकाच्या दोन प्रती तयार ठेवल्या होत्या. एक मूळची. दुसरीत ळ नव्हता. म्हणजे पुस्तकातला ळ असलेला प्रत्येक शब्द त्यांनी काढून दुसरा घातला होता. ळ आला नाही तर फॉन्ट बदलावा लागणार होता, आणि ळची गरजच उरली नाही तर फॉन्ट बदलायचं कारण नव्हतं. रफाराचं अक्षर वाचावं म्हणून त्यांनी हे केलं होतं. हे सांगताना त्या पेनाकडे बघत होत्या.

शुक्रवारी रफार आला नाही. म्हणून दुसरी प्रत पुढे गेली. छपाईच्या प्लेटा निघाल्या. शेवटची सोळा पानं तेवढी बाकी होती, त्यांच्या प्लेटा दुपारी निघणार होत्या, आणि त्यांतला मजकूर आता मागच्या पानांशी जुळताच ठेवावा लागणार होता.

रफाराने छापलेली पानं हातात घेतली. सगळीकडे त्याचीच अक्षरं होती आणि ती फार छान दिसत होती. पण जंगलात काहीतरी झालं होतं. माकड पेरू खात होतं. शेळीची बकरी झाली होती, तिथवर ठीक. कोळ्याला ‘आठ पायांचा विणकर’ म्हटलं होतं. साळिंदराला दुसरं नावच नव्हतं, त्यामुळे तो सगळ्या गोष्टीत ‘काटेरी गृहस्थ’ म्हणून वावरत होता. सकाळी काहीही घडत नव्हतं, सगळं पहाटे. झुरळ पुस्तकातून गेलं होतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. घुबडाला नेत्र होते.

“काटेरी गृहस्थ,” रफार म्हणाला.

“मला तो आता आवडायला लागलाय,” संपादकबाई जरा ताठ होऊन म्हणाल्या.

रफाराला आनंद व्हावा की काय व्हावं, ते कळेना. त्याचा फॉन्ट छापून येत होता, सात वर्षं वाया गेली नव्हती. ळ झाला होता आणि मास्तरांनी तो पास केला होता. आणि त्या उशीएवढ्या जाड पुस्तकात त्या ळला उभं राहायला जागा नव्हती. मास्तरांचं हे शेवटचं पुस्तक. यात नाही तर कुठेच नाही.

“शेवटच्या सोळा पानांत शोध,” मास्तर म्हणाले. “एखादा राहिला असेल. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, पण त्याही माणूस आहेत.”

संपादकबाईंना हे आवडलं नाही. रफाराने कॉम्प्युटरला शोधायला सांगितलं. कॉम्प्युटरने खरंच एक शोधून काढला. अगदी मागच्या पानावर, आवृत्ती, प्रकाशक, सर्व हक्क राखीव वगैरे लिहितात त्या बारीक मजकुरात एक शब्द होता: मुद्रणस्थळ. तिथे ळ उमटला होता, मुंगीच्या डोक्याएवढा. रफाराने पडद्याला भिंग लावलं. डावं वळण, श्वास, उजवं वळण. सगळं होतं, फक्त ते कुणाला दिसणार नव्हतं.

“हे कुणी वाचत नाही,” तो म्हणाला.

“मी वाचते,” संपादकबाई म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा थोडा पडला. त्यांनी शेवटची सोळा पानं पुन्हा चाळली, एका पानाशी थांबल्या आणि पेनाचं टोपण काढलं. शेवटची गोष्ट एका चिमणीची होती. ही चिमणी मेलेल्या उंदरावरून गिधाडाशी भांडत होती आणि भांडण जिंकत होती. पानाच्या तळाशी एका ओळीची जागा मोकळी होती.

“इथे एक तळटीप बसेल,” त्या म्हणाल्या. “‘तळटीप’मध्येच एक आला बघा तुमचा. पुढचं तुम्ही लिहा. ओळ बदलणार नाही इतकंच.”

रफाराने आयुष्यात स्वतःचं एकही वाक्य लिहिलं नव्हतं. फॉन्ट तपासताना तो नुसते शब्द ठोकायचा, अर्थाशी त्याचा संबंध नसे. तो टेबलाशी बसला. पहिल्या झटक्यात त्याने लिहिलं, ‘काळ्या तळ्यावळच्या गळक्या नळाजवळ’. संपादकबाईंनी ते बघून ‘तळ्यावळच्या’खाली लाल रेघ मारली. असा शब्दच नाही, म्हणाल्या, आणि या पानावर तळं नाही, नळही नाही.

“ळ तर आहेत,” रफार म्हणाला.

“तळटीप खरी असावी लागते. मजकुरात हवं ते चालतं. तळटिपेत खोटं लिहिलं तर मुलांचा विश्वास उडेल.”

भांडणाऱ्या चिमणीवर कुणाचा विश्वास बसला होता, हे रफाराने विचारलं नाही. त्याने वाक्य खोडलं. मग बराच वेळ नुसता चित्राकडे बघत बसला. चित्रात फांदी होती, फांदीवर चिमणी होती, आणि ती फांदीच्या मानाने फार लहान होती. चित्र जुनंच होतं. चित्रकाराकडून पक्षी तेवढा बदलून घेतला होता. तिच्यापेक्षा बराच मोठा कुणीतरी तिथे बसायचा होता हे फांदीकडे बघून कळत होतं.

प्लेटांचा माणूस येऊन दारात उभा राहिला. मास्तरांनी त्याला हाताने थांब म्हटलं.

रफाराने एक ओळ टाइप केली आणि कॉम्प्युटर संपादकबाईंकडे वळवला. त्यांनी ती वाचली. मग पेन कागदाजवळ नेलं, आणि तसंच परत घेतलं.

नमुन्याचं पान छापून आलं तेव्हा शाई ओली होती. चिमणीच्या पायाखाली, रेघेच्या खाली, बारीक पण स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं:

तळटीप : इथे मुळात कावळा होता.

मास्तरांनी पान लांब धरून वाचलं. “पोरं विचारतील, मग तो गेला कुठे?”

“तुम्ही काय सांगाल?” संपादकबाईंनी रफाराला विचारलं.

 रफार पानावर वाकला होता. तीन ळ होते, तिन्ही एकाच फाइलमधले, एकाच साच्याचे, एकमेकांत तसूभर फरक असणं शक्य नव्हतं. तरीही ‘मुळात’मधला बाकीच्या दोघांपेक्षा चांगला आलाय असं त्याला वाटत राहिलं. त्याने भिंग लावलं. भिंगातून बघितल्यावर ‘कावळा’मधला जास्त चांगला वाटला.